किल्ला पाडला, तट राहिला

जुलै 2025 मध्ये बारा मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात पन्हाळाही आहे. नाव जाण्याआधी गडावरच्या लोकांतून विरोधाचा सूर उमटला होता, कारण बंधनं वाढतील, उद्या घरातूनच उठवतील ही धास्ती. आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपवर तेव्हा एक वाक्य फार फिरलं: 'तुमच्याकडे बघा किल्ले कसे जपतात!' 'तुमच्याकडे' म्हणजे ब्रिटनमध्ये. मी एडिनबरोत राहतो म्हणून मला टॅग.

जपतात ना. बेरिकला चला, दाखवतो.

लंडन-एडिनबरो रेल्वेमार्गावर ट्वीड नदीच्या मुखाशी हे गाव आहे. पर्यटक ते 28 कमानींच्या पुलावरून, गाडीच्या खिडकीतून बघतात आणि पुढे जातात. इंग्लंड आणि स्कॉटलंडने ते एकमेकांकडून इतक्यांदा हिसकावलं, की 1482 मध्ये ते कायमचं इंग्लंडकडे गेलं तेव्हा गावकऱ्यांनी हुश्श केलं असणार. आणि किल्ला? स्टेशनावर उतरलात की तुम्ही किल्ल्यातच असता. फलाटावरची पाटी सांगते, की किल्ल्याचा मोठा दरबार इथेच होता. 17 नोव्हेंबर 1292 रोजी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने रॉबर्ट ब्रूसचा दावा फेटाळून स्कॉटलंडची गादी जॉन बॅलिओलला दिली, ती इथेच. 1840च्या दशकात रेल्वे आली आणि दरबार पाडून रूळ टाकले. त्याआधीच किल्ल्याचे दगड गावच्या चर्चला गेले होते. उरली ती नदीपर्यंत उतरणारी एक भिंत. त्याच दशकात, 1844 मध्ये, गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा उद्ध्वस्त केला. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या किल्ल्यात त्यांनी भेदभाव केला नाही, एवढं मान्य करावं लागेल.

गावाभोवतीचा तट मात्र राहिला. 1558 मध्ये तोफांच्या लढाईसाठी बांधायला घेतलेला, आत मातीचा भराव आणि बाहेर दगड, बाणाच्या टोकासारखे बुरूज. वरून फिरायला तिकीट नाही. बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही, 'पडाल' अशी पाटी आहे. एक आजी कुत्र्याला फिरवत होत्या, खाली तटाच्या आडोशाला कुणीतरी कोबीला पाणी घालत होतं. तटाच्या आत घरं, दुकानं, पब, सगळं नांदतं आहे, आणि त्यांना उठवा असं कुणी म्हणत नाही. वारसा म्हणून नोंदलेल्या घराची खिडकी बदलायची तर कौन्सिलची परवानगी लागते आणि लोक त्यावर कुरकुरतातही. पण अर्ज कुठे करायचा, हे ठरलेलं असतं.

पन्हाळ्याच्या लोकांची अडचण मला इथे दिसते. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटर परवानगीची अट, हा कायदा युनेस्कोच्या यादीत नाव जाण्याआधीपासूनचा आहे. नगरपरिषद असलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या राहत्या गडावर साधं गळकं छप्पर बदलायचं तरी माणूस आधी ओळखीचा साहेब शोधतो. आणि त्याच गडावर हॉटेलांचे मजले मात्र चढलेले दिसतात. हॉटेलांचं मी समर्थन करणार नाही. पण तीन दरवाजापाशी कणसं भाजणाऱ्या बाईला आणि त्या मजल्यांना एकाच 'अतिक्रमण' या शब्दात कोंबणाऱ्यांचंही नाही.

ग्रुपवर फलाटावरच्या पाटीचा फोटो टाकला. दोन अंगठे आले, आणि एकाने विचारलं, एडिनबरोच्या किल्ल्याचं तिकीट किती.