सोप्याला कुठला रंग?

जुन्या घराला रंग द्यायला काढला की भावकीतल्या प्रत्येकाला एकेक मत फुटतं. एरवी वाटणीच्या कागदावर सही करायला न येणारी माणसं सोप्याला, म्हणजे पुढच्या ओसरीला, कुठला रंग द्यायचा हे सांगायला मात्र पावसातसुद्धा येतात.

आमचं घर कोल्हापूरला पन्हाळा रोडच्या बाजूला, शिवारात, पंचगंगेच्या अंगाला. पणजोबांनी शाहू महाराज गादीवर असताना बांधलं, म्हणजे 1894 ते 1922 यांच्या मधलं कुठलं तरी साल. सोपा, माजघर, देवघर, दोन खोल्या, मागं परडं. खिडकीपर्यंत काळा दगड, त्यावर भेंडे, म्हणजे मातीच्या कच्च्या विटा, वर मंगलोरी कौलं. खांब सागवानी, प्रत्येक भिंतीत दिवळ्या, आणि माजघराची चौकट इतकी ठेंगणी की नव्या पाहुण्याची पहिली ओळख गणेशपट्टीशी होते, तीही कपाळानं.

धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. भावजय म्हणाली, "खोल्या तेवढ्या नीट करून घेऊया." तेवढ्यात थोरल्या भावाचा मुलगा पुण्याहून आला. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आल्या आल्या त्यानं भिंतीवर हात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "काका, पीओपी नाही, प्लास्टिक पेंट नाही. सगळं ओरिजिनल करायचं."

मग तो शिडी लावून कौलांवर चढला. एक कौल उलटं करून वरूनच ओरडला, "अठराशे पासष्ट! आपलं घर अठराशे पासष्टचं आहे!" कौलावर खरंच 1865 असं उठवलेलं होतं. आबा अंगणातनं शांतपणे म्हणाले, "अरे, ते मंगळूरच्या बासेल मिशनचं कौल. कारखाना त्या साली निघाला, म्हणून कौलावर साल. बाटाच्या चपलेवर बाटा लिहिलंय म्हणून पाय बाटाचा होतो काय?" पोरगं खाली उतरलं, पण पत्रिकेवर 'दीडशे वर्षांचा वाडा' छापायचा हट्ट काही उतरला नाही.

खरी गंमत रंगाऱ्यानं पत्र्यानं भिंत खरवडायला घेतल्यावर सुरू झाली. वर आकाशी ऑइल पेंट. त्याच्याखाली पिस्ता. पिस्त्याखाली गुलाबी, आणि सगळ्यांत तळाशी नीळ घातलेला चुना. लग्नासाठी आलेली आत्ती खुर्ची टाकून समोर बसली आणि थराथराला हाक द्यायला लागली. "ह्यो आकाशी तुझ्या लग्नाचा. ह्यो पिस्ता माझ्या लग्नाचा, आन्नांनी लक्ष्मीपुरीतनं डबं आणलं हुतं. अरं, जपून खरवड की!" आमच्या घराण्याची वंशावळ भाटाकडं नाही, भिंतीवर आहे.

पुतण्याचं म्हणणं होतं की तळातला चुना तेवढा खरा. शास्त्र त्याच्या बाजूनं होतं, हे मान्य करायला पाहिजे. दगड-मातीची भिंत जमिनीतनं ओल ओढते. वर चुना असला की ती हळूहळू बाहेर वाळून जाते. ऑइल पेंटनं तिचा श्वास कोंडतो, मग फुगे येतात आणि श्रावणापर्यंत पोपडे गळायला लागतात. पण आत्तीला शास्त्र कोण सांगणार? तिच्या दृष्टीनं ओरिजिनल म्हणजे पिस्ता.

पुतण्याचा दुसरा बेत याहून भारी होता. माजघरातली शहाबादी उचलायची आणि खाली पूर्वीसारखी शेणानं सारवलेली जमीन करायची. आत्ती खुर्चीतनं उठलीच. "सारवायला कोण, तू येणार व्हय पुण्यासनं? वाकून वाकून माझ्या आयेची कंबर गेली, तवा कुठं ही फरशी बसली. तुझं ओरिजिनल तुझ्या हॉस्टेलात कर जा." शहाबादी वाचली.

चुन्यासाठी एक म्हातारा गवंडी सापडला. त्यानं परड्यात खड्डा करून कळीचा चुना विझत घातला. पाणी पडलं तसा खड्डा खदखदायला लागला आणि भावजयीचं वाळत घातलेलं जोंधळं पांढरंफेक झालं. गिलाव्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ घालायचा, म्हणजे चुना चिवट होतो, असं तो म्हणाला. इथं कोल्हापूर जागं झालं. कुठला गूळ? पिवळा की काळा? शेजारचा गुऱ्हाळवाला म्हणाला, "भावा, भिंतीत भेसळीचा गूळ घालशील तर याद राख." आबांनी स्वतः शाहू मार्केट यार्डात सौद्याला जाऊन ढेप आणली, फोडून चाखली आणि आमच्या चहाला मात्र साखरच ठेवली. त्या ढेपेतला नक्की किती गूळ भिंतीत गेला, किती गवंड्याच्या पोरांनी खाल्ला आणि किती मुंग्यांनी नेला, याचा हिशेब निघालेला नाही.

माजघरात रंगारी अडला तो दोन मळकट रेघांपाशी. खालची ऑगस्ट 2019 ची, वरची जुलै 2021 ची. पुराचं पाणी उतरल्यावर आबांनी तिथंच पेन्सिलीनं तारखा घातल्या होत्या. पाणी दगडातच थांबलं, वरच्या भेंड्यांना लागलं नाही, म्हणून घर उभं आहे. "ह्यावर ब्रश फिरवायचा नाही," आबांनी बजावलं. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी असते, पण आमच्या घरात आबांची रेघच चालते. दर पावसाळ्यात आम्ही टीव्हीपेक्षा तिच्याकडं जास्त बघतो. गंमत म्हणजे या एकाच गोष्टीवर पुतण्या आणि आबा एक झाले.

वायरमनबद्दल फार बोलत नाही. एवढंच, की हातभर जाड दगडी भिंतीत त्याचे ड्रिलचे बिट मोडले आणि तो पुन्हा दिसला नाही.

शेवटी तह झाला. सोप्याला चुना, खोल्यांना चुना, माजघरात आबांच्या रेघा सोडून चुना. आणि आत्तीच्या समाधानासाठी सोप्याच्या दर्शनी भिंतीवर हातभर चौकोन तसाच ठेवायचा, ज्यात आकाशी, पिस्ता, गुलाबी आणि नीळ असे चारही थर दिसतील. पुतण्यानं त्याला सागवानी पट्ट्यांची चौकट मारली. वर छोटा दिवाही लावणार होता, पण वायरमन नव्हता.

साखरपुड्याच्या बोलणीला व्याही आले. माजघराच्या चौकटीनं त्यांचं रीतसर स्वागत केलं. कपाळ चोळत ते सोप्यात बसले आणि त्यांची नजर त्या चौकोनावर खिळली. बराच वेळ बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"पाव्हणं, रंग कमी पडला काय? बोलायचं की आधी. आमच्या मेव्हण्याचं रंगाचंच दुकान आहे."

कोणी काही बोलायच्या आत आत्ती आतनं म्हणाली, "पिस्ता हाय का त्येंच्याकडं?"