टिप, टोटल आणि अक्षरी

बँकेत एकतीस वर्षं कॅश काउंटरवर काढली. त्या एकतीस वर्षांत येणाऱ्याजाणाऱ्याला एकच गोष्ट बजावली : रकमेचा रकाना कोरा ठेवून सही करायची नाही. आणि न्यू जर्सीला लेकीकडे गेल्यावर चौथ्याच दिवशी रेस्टॉरंटमधल्या एका हसतमुख मुलीने कोऱ्या रकान्याची स्लिप माझ्यापुढे ठेवली. वर पेनही दिलं.

त्याआधी ती आमचं फॉरेक्स कार्ड घेऊन आत गेली होती. पार्टी आमची, असा ह्यांचा हट्ट होता. पण कार्ड नजरेआड होताच हे खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, घेऊन गेली ती!" मग मोबाइल टेबलावर ठेवून ओटीपीची वाट बघत बसले. ओटीपी आला नाही. मुलगी आली, कार्ड आलं आणि ती स्लिप आली.

जेवणाचे ६४ डॉलर. त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे ४.२४. एकूण ६८.२४. इथवर हिशेब चोख. त्याखाली 'टिप', पुढे कोरी रेघ. 'टोटल', पुढे कोरी रेघ. कार्ड तर आधीच स्वाइप झालेलं! म्हणजे आपण निघून गेल्यावर, आपण लिहिलेला आकडा हे लोक वळता करून घेणार. बँकेत असं कुणी केलं असतं तर त्याची चौकशी लागली असती.

"आई, वीस टक्के लिही," लेक म्हणाली. "टॅक्सवर नाही, ६४ वर."

१२.८०. ह्यांनी मनातल्या मनात रुपये केले आणि पाणी प्यायले. डोंबिवलीत आमची टिप म्हणजे बडीशेपेच्या बशीत दहाची नोट. तीही बडीशेप खाल्ली तर. "आणि मालक काय करतो मग?" ह्यांनी विचारलं.

तेव्हा लेकीने सांगितलं, की इथल्या केंद्राच्या कायद्याने टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान पगार तासाला २.१३ डॉलर. काही राज्यांत जास्त आहे, पण केंद्राचा आकडा तोच. टिप धरून तासाला ७.२५, म्हणजे सर्वसाधारण किमान पगार, भरला नाही, तर वरचा फरक मालकाने द्यायचा.

"२.१३ कधीपासून?"

"१९९१ पासून."

मी पेन खाली ठेवलं. १९९१ सालीच मी बँकेत लागले. तेव्हापासून रिटायर होईस्तोवर आमचे वेतन करार झाले ते रखडत, घोषणा देत, काळ्या फिती लावून. पण झाले. हा केंद्राचा आकडा मात्र माझी अख्खी नोकरी संपली तरी जागचा हललेला नाही! युनियनचा जुना झेंडा अंगात आला. मी १२.८० लिहिले, टोटल ८१.०४ मारली आणि पुन्हा पेन थांबलं.

"आता काय?"

"अक्षरी कुठे लिहायचं?"

लेकीने कपाळाला हात लावला. पण नुसत्या आकड्यापुढे मी आजवर सही केलेली नाही. बाजूच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत इंग्रजीतून 'एटी वन डॉलर्स अँड फोर सेंट्स ओन्ली' लिहिलं आणि कुणी पुढे काही घुसडू नये म्हणून रेघ ओढली. ती मुलगी स्लिप नेताना दोनदा मागे वळून बघत होती.

कॉफीच्या दुकानांत याहून वाईट. तिथे कप आपणच उचलायचा, साखर आपणच घालायची, आणि पैसे देताना समोरचा पोरगा स्क्रीन गर्रकन आपल्याकडे फिरवतो : १८, २०, २५. 'नो टिप' कुठेतरी तळाशी. पोरगा छताकडे बघतो, मागची रांग आपल्याकडे. ह्यांचं बोट 'नो टिप'कडे निघतं आणि घाबरून २५ वर पडतं. असं तीनदा झाल्यावर ह्यांनी कॉफी सोडली. डॉक्टरांनी सांगून सुटली नव्हती.

पुढे नायगाराला गेलो, तीन रात्री हॉटेलात. खोली आवरणाऱ्यांसाठीही रोजचे दोन-तीन डॉलर ठेवायचे असतात, म्हणे. पहिल्या दिवशी टेबलावर तीन डॉलर ठेवून धबधबा बघून आलो. चादरी कडक ताणलेल्या, टॉवेल नवे, आणि तीन डॉलर होते तिथेच. हे खूश. लेक फोनवर म्हणाली, "अगं, त्यांना वाटतं पाहुणे विसरलेत. चिठ्ठी ठेव, नाहीतर हात लावत नाहीत."

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचे धरून सहा डॉलर ठेवले. हॉटेलच्या पॅडवर इंग्रजीत 'थँक यू' लिहिलं. पण नोटा ठेवून नुसतं थँक यू? हाताने आपोआप खाली तपशील मांडला :

१ × १ = १
५ × १ = ५
एकूण ६

संध्याकाळी आलो तर पैसे नव्हते. चिठ्ठी तिथेच होती. सहाच्या आकड्यापुढे कुणीतरी बॉलपेनने बरोबरची खूण केली होती.