‘लपवायचं काही नसेल तर भीती कसली?’ या मेसेजला उत्तर

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आशय असा : कंपनीचा वेलनेस फॉर्म, म्हणजे तब्येतीची माहिती विचारणारा फॉर्म, बिनधास्त भरा, माहिती मागायचा कंपनीला कायद्याने हक्क आहे, ती एचआरकडे सुरक्षित राहते, अशा वेलनेस कार्यक्रमांनी आजारपण कमी होतं हे सिद्ध झालंय, आणि लपवायचं काही नसेल तर भीती कसली?

मी वीस वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रे दाबून भाग बनवतात त्या विभागात आहे आणि सेफ्टी कमिटीत कामगारांच्या बाजूने बसतो. तपासणीला माझा अजिबात विरोध नाही. चाळिशीत साखर कळली म्हणून माझा थोरला भाऊ आज धड आहे. पण हा मेसेज वाचून पोरं धडाधड सह्या करतायत, म्हणून लिहितोय.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, सगळ्यात जास्त तोच बोचतो. आमच्याकडे ठेकेदारामार्फत गंगापूरकडचा एक पोरगा होता. फॉर्ममध्ये ‘कधी फिट आली आहे का?’ पुढे त्याने ‘हो’ लिहिलं. लहानपणी एकदा आली होती, खरं तेच लिहिलं. मुदत संपल्यावर त्याच्यासोबतची पोरं परत लागली, त्याला ‘ब्रेक’ दिला तो दिलाच. फॉर्ममुळेच झालं, असं मी सिद्ध करू शकत नाही. तोही करू शकत नाही. ठेक्यावरच्या माणसाला काढावं लागत नाही, फक्त परत बोलवायचं नसतं.

यावर कुणी म्हणेल, प्रेसवर उभ्या माणसाला फिट येत असेल तर कंपनीला कळायला नको का? कळायला हवं, पण कंपनीच्या डॉक्टरला. डॉक्टरने तपासावं आणि ‘या कामाला योग्य’ किंवा ‘प्रेसवर नको, पॅकिंगला चालेल’ एवढंच लिहून द्यावं. आजाराचं नाव एचआरच्या फायलीत जायचं कारणच नाही.

आपल्या शरीराची अडचण मजुरीच्या हिशोबात गेली की काय होतं, हे मराठवाड्याने बीडमध्ये पाहिलंय. पाळीच्या त्रासाने एक दिवस बसलं तरी खाडा धरून पैसे कापले जातात, म्हणून ऊसतोड बायकांनी गर्भपिशव्या काढून टाकल्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. त्या बायकांना काय लपवायचं होतं?

आता कायदा. मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात कलम ४१-सी आलं. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणं मालकावर बंधनकारक झालं आणि त्या नोंदी बघायचा हक्क कामगाराला मिळाला. म्हणजे कामामुळे शरीराचं काय झालं, याचा तो हिशोब होता. आमच्या फॉर्मने काय विचारलं? आई-वडिलांना शुगर आहे का, दारू किती घेता, झोप किती, मूल कधी हवंय. प्रेसच्या आवाजाने कानाला कमी ऐकू येतं का, हा प्रश्न सबंध फॉर्मात नाही! आवाजामुळे येणारा बहिरेपणा त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, सरकारला कळवायच्या आजारांत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, तिच्या यादीतही तो आहे. वेल्डिंगच्या धुराबद्दलही एक ओळ नाही.

माहिती-तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत तब्येतीची माहिती संवेदनशील धरलेली आहे. ती घ्यायला लेखी संमती लागते आणि ‘देत नाही’ म्हणायची मुभाही द्यावी लागते. एचआयव्हीच्या तपासणीवर नोकरी अडवता येत नाही, २०१७ चा कायदा ते सरळ मना करतो.

सुरक्षित राहते म्हणतात, तर कागदाचा प्रवास बघा. आमचे फॉर्म सुपरवायझरने गोळा केले, टाइम ऑफिसच्या टेबलावर दोन दिवस पडून होते, मग बाहेरच्या एजन्सीकडे गेले. एवढ्या हातांतून गेलेल्या कागदाला सुरक्षित म्हणत नाहीत.

‘सिद्ध झालंय’ हे तर खोटंच. अमेरिकेत बीजेज नावाच्या दुकानांच्या साखळीत सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर अशा कार्यक्रमाची चाचणी झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. कुठल्या ठिकाणी कार्यक्रम राबवायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. दीड वर्षानंतर व्यायाम आणि वजनावर लक्ष ठेवणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, औषधपाण्याचा खर्च, गैरहजेरी यांत म्हणावा असा फरक पडला नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या चाचणीतही खर्च घटला नाही, आणि सामील होणारे मुळातच कमी खर्चाचे, धडधाकट निघाले. अशांचे आकडे पुढे केले की कार्यक्रम यशस्वी वाटतो.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच, ती भाषेची. आमचा फॉर्म सगळा इंग्रजीत होता. निम्म्या लोकांचे टिक सुपरवायझरने मारले आणि सही त्यांची घेतली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती मागतानाची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनं १८ महिन्यांनी लागू होतील. तोवर थांबायचं कशाला? सेफ्टी कमिटीच्या पुढच्या बैठकीसाठी मी लेखी मागणी दिलीय : फॉर्म मराठीत, बंद पाकिटात, थेट डॉक्टरकडे, आणि कानाची तपासणी पहिली. तुमच्या शॉपमधून अशीच मागणी द्यायची असेल तर मजकूर माझ्याकडून घ्या.