जोशी देस

जपानला निघण्याआधी पुण्यात सहा महिने जपानीचा क्लास केला. पहिल्याच तासाला बाईंनी सांगितलं, की समोरच्याच्या आडनावामागे 'सान' जोडायचं. बाई असो, बुवा असो, लग्न झालेलं असो-नसो, सान. माझा जीव भांड्यात पडला. आपल्याकडे एखाद्याला हाक मारायची तर आधी त्याचं वय, टक्कल, हुद्दा आणि सोबतची मंडळी एवढं न्याहाळावं लागतं. सोसायटीच्या गेटपासून जिन्यापर्यंत येताना मी स्वतःच दादा, काका आणि साहेब असे तीन अवतार घेतो. तिकडे एक सान, खेळ खलास. असं त्या संध्याकाळी वाटलं होतं, एवढीच नोंद करतो.

टोकियोत निशी-कासाईला खोली मिळाली. तिथे आपले आयटीवाले इतके, की तूरडाळीसाठी वणवण करावी लागत नाही. ऑफिसच्या पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर उभा राहिलो, कमरेत वाकलो आणि म्हणालो, "जोशी-सान देस." म्हणजे, मी जोशी-सान आहे. समोरचे वीस चेहरे सभ्यपणे जमिनीकडे बघू लागले. स्वतःला सान लावत नाहीत, हे मागाहून कळलं. पण माझ्या वडिलांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय आणि ते आजही बँकेत फोन लावून "जोशीसर बोलतोय" म्हणतात. घरातच हे संस्कार, तर दोष कुणाला देणार?

मग सान गाळलं. पण राहिलं ते 'जोशी', आणि खरी विटंबना पुढेच होती. मराठीत 'जो'चा ओ लांबवला काय, आखडला काय, पत्रिका मांडणारा जोशी तोच राहतो. जपानीत ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ यांच्यात अर्थाची दरी असते. 'जोऽशी' असा लांबवला तर अर्थ होतो वरिष्ठ, साहेब. आखूड 'जोशी' म्हणजे मुलगी, महिला. त्यामुळे मी तोंड उघडलं की एक तर "मी साहेब आहे" किंवा "मी मुलगी आहे". तिसरा पर्याय व्याकरणातला आहे, शब्दाला मागून चिकटणारं 'वा', 'गा', 'ओ'सारखं अव्यय. मला तोच सगळ्यात जवळचा वाटतो. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापले जात तेव्हा मी "अर्थ कळला ना, मग झालं" म्हणायचो. आता जिमच्या कपडे बदलायच्या खोल्यांसमोर उभा असतो आणि ज्या दारावर माझं आडनाव लिहिलेलं आहे, नेमकं त्याच दारातून मला जाता येत नाही.

ऱ्हस्व-दीर्घानं घरमालकीणबाईंच्या बाबतीतही घात केला. घरमालकाला 'ओओया-सान' म्हणतात, ते मला पाठ होतं. पण नुसतं ओओया-सान म्हणणं कोरडं वाटलं. आपण मराठी माणसं, भाजीवालीलाही मावशी करतो. मी प्रेमानं 'ओबासान' म्हणायला गेलो, म्हणजे मावशी-काकू. 'बा' जरा लांबला आणि निघालं 'ओबाऽसान', म्हणजे आजी. बाई असतील पन्नाशीच्या, केस रंगवलेल्या. पुढच्या आठवड्यात माझ्या दाराशी कचऱ्याच्या वर्गीकरणाचा तक्ता चिकटवलेला होता, लाल खुणांसकट. नंतर कळलं, की ओबासान बरोबर उच्चारलं असतं तरी तक्ता आलाच असता.

क्लासमध्ये 'अनाता' म्हणजे 'तुम्ही' असंही शिकवलं होतं. ते मी आमच्या विभागप्रमुखांवर वापरलं. विभागप्रमुख म्हणजे 'बुचो'. शेजारच्या टेबलावरच्या सेन्पाईनं, म्हणजे माझ्याआधी कंपनीत लागलेल्या मुलीनं, मला चहाच्या मशीनपाशी नेऊन हळूच सांगितलं, की वरच्या माणसाला अनाता म्हणत नाहीत. मग कुणाला म्हणतात? तर बायका नवऱ्याला. मी हिशोब मांडून बघितला. गेले दोन आठवडे मी एका अठ्ठावन्न वर्षांच्या गृहस्थांना "अहो, फाइल बघितलीत का? अहो, आज उशीर होईल का?" असं विचारत होतो. मग 'तुम्ही' म्हणायचं तरी कसं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "म्हणायचंच नाही." एक तर कर्ता गाळायचा, नाही तर तोंडावरच हुद्द्यानं बोलायचं. बुचो जेवले का? बुचोंची छत्री बुचो विसरले. आणि बुचो हा शब्दच आदराचा असल्यामुळे त्याला वर सान लावायचं नाही. म्हणजे आदर कमी झाला तर अपमान आणि जास्त झाला तर अडाणीपणा. आमटीत मीठ घालण्यासारखंच आहे हे, फक्त चव बघायची सोय नाही.

बरं, माणसांपुरतं असतं तरी निभावलं असतं. चहा ओ-चा, पैसे ओ-काने, भात गो-हान. पुस्तकाचं दुकान होन्या-सान, पाववाला पान्या-सान, कोपऱ्यावरचा पोलीस ओमावारी-सान. ओसाकात एका आजीनं ट्रेनमध्ये माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली आणि म्हणाली "आमे-चान". गोळीताई! 'चान' म्हणजे लाडाचं, पोरीबाळींना लावायचं. गोळीला ते मिळालं आणि मी अजून व्याकरणातलं अव्यय. या मोकळ्या वातावरणात मीही सढळ झालो आणि फुजी पर्वताला 'फुजी-सामा' म्हणालो. 'सामा' म्हणजे सानचा थोरला भाऊ, देवाला, गिऱ्हाइकाला आणि पाकिटावरच्या नावाला लागणारा. लोक डोंगराला फुजी-सान म्हणतात, तर आपण एक पायरी वर जाऊ, असा विचार. ते 'सान' म्हणजे नुसता 'डोंगर', दुसराच शब्द. मी फुजी डोंगराचा डोंगर काढून घेतला होता.

आदरार्थी भाषेचं पुस्तक आणलं. जुनी आवृत्ती होती, तीन प्रकार: समोरच्याला वर चढवणारी, स्वतःला खाली उतरवणारी आणि नुसती सभ्य. तीन पाठ झाले तेव्हा सेन्पाई म्हणाली, की २००७ साली सांस्कृतिक परिषदेनं त्याचे पाच केले. स्वतःला खाली उतरवण्याचेच आता दोन प्रकार आहेत. सरकारी समितीनं बसून, विचार करून, खाली जायला आणखी एक जिना बांधला.

पण हे सगळं परवडलं, फोन नको. ऑफिसात नवख्या माणसानं फोन उचलायचा असतो, आणि फोनवर आजवरचं सगळं उलटं होतं. आमच्या बुचोंचं खरं आडनाव सांगत नाही. तानाका म्हणू, जपानातले आपले पाटील-जाधव. ऑफिसात ते 'तानाका बुचो'. त्यांच्यासमोर आवाज खाली, मान खाली, क्रियापदंसुद्धा खाली. पण बाहेरच्या कंपनीचा फोन आला, की ते नुसते 'तानाका'. ना बुचो, ना सान. "तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास." तानाका आत्ता जागेवर नाही. नाहीत नव्हे, नाही. कारण परक्यापुढे आपला साहेब म्हणजे आपणच, आणि स्वतःला कुणी सान लावतं का? (पहिल्या दिवशीचा प्रकार सोडा.) आतले ते 'उची', बाहेरचे ते 'सोतो'. साहेब कुणाच्या आत आहे हे फोन वाजल्यापासून दोन सेकंदांत ठरवायचं.

खरं तर मराठी माणसाला हे जड जायला नको. 'आपण' आणि 'आम्ही' यातला फरक आपल्याकडे पोरांनाही कळतो. "आपण जेवू या" म्हटलं की पाहुणा पाट ओढतो, "आम्ही जेवतो" म्हटलं की चपला शोधतो. शिवाय जवळच्याचा मान काढून घेण्यात आपला हात कोण धरेल? आईला 'ए', विठोबाला थेट 'अरे'. गणपतीला मात्र 'पुढच्या वर्षी लवकर या'. का, ते विचारू नका, हे मी जपान्यांनाही समजावू शकलेलो नाही. तिकडे आसाकुसाजवळ माचुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे, तिथला देव म्हणजे आपल्याच गणपतीचं जपानी रूप. त्याला नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा आणि हाक 'शोदेन-सामा'. मोदकाविना राहिला बिचारा, पण सामा मिळालं.

तर ते फोनवरचं वाक्य मी महिनाभर घोकलं. (माझं आडनाव नसलेल्या) स्वच्छतागृहात आरशासमोर उभा राहून साहेबाचा मान काढायचा सराव केला. जीभ वळायची, मन वळायचं नाही. नुसतं 'तानाका' म्हटलं, की मागे कुणी उभं नाही ना, म्हणून मी वळून बघायचो. पण हळूहळू जमलं. जमलं म्हणजे इतकं, की मजाही येऊ लागली.

या नियमाला एक अपवाद आहे. फोन त्या माणसाच्या घरून असेल तर सान लावायचं, क्रियापदही मानाचं. कारण बायकोपुढे तानाका आपला कसला, तिचाच. हे मला सेन्पाईनं एका शुक्रवारी सांगितलं.

फोन गुरुवारी आला होता.

बुचो मोबाइल घरी विसरले होते. मी रिसीव्हर उचलला, पलीकडून रेशमासारखा आवाज आला. आपण तानाकांची पत्नी, 'शुजिन'वर तुमची नेहमी कृपा असते, वगैरे. शुजिन म्हणजे मालक. आमच्या आजोळी बायका "मालक रानात गेल्यात" म्हणायच्या, त्यामुळे मला एकदम घरच्यासारखं वाटलं आणि घोकलेलं अख्खं वाक्य डोक्यातून उडालं. उरले दोन शब्द. "तानाका, इमासेन." तानाका नाहीये.

पलीकडे शांतता. मग बाईंनी अदबीनं विचारलं, आपण कोण?

"जोऽशी देस," मी म्हणालो.

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला. त्यानंतर बाईंच्या तोंडून जे वाहू लागलं ते पाचही प्रकारांच्या पलीकडचं होतं. मला त्यातलं 'माफी', 'नालायक नवरा' आणि 'यापुढेही' एवढंच कळलं. फोन ठेवतानाही त्या वाकत असणार, कारण आवाज दूर जात, जवळ येत होता. मीही वाकत होतो. किती छान बोलतात बुचोंच्या घरून, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुचो माझ्या टेबलापाशी आले. काल माझ्या बायकोशी फोनवर माझे साहेब बोलले म्हणे, ते कोण? सेन्पाईनं माझ्याकडे बघितलं, मी डायरीतल्या नोंदीकडे. मग तिनं एकेक धागा सोडवत सगळं सांगितलं, आणि तो अपवादही मला तेव्हाच समजावला. माझं परतीचं तिकीट किती येनला पडेल याचा मी अंदाज बांधत होतो. बुचो बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बायकोला सांगू नका." काल रात्री घरी त्यांच्यासाठी खास मासळी शिजली होती. तुमच्यासारख्या माणसाला नुसतं 'तानाका' म्हणतात, असं म्हणून बाईंचे डोळे भरून आले होते. सव्वीस वर्षांच्या संसारात ऑफिसच्या त्रासाबद्दल त्यांना कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. तेव्हापासून बुचोंच्या घरी मी आहे: भारतीय, कडक, कमी बोलणारा.

डिसेंबरात आमच्या घरी खोकं आलं. वर्षअखेरीला वरच्या माणसाला भेट पाठवतात, ओसेइबो, त्यातली ही. आत सॅलड ऑइलच्या सहा बाटल्या, वर सुबक अक्षरात 'जोशी-सामा'. बायको म्हणाली, "कुणी का पाठवेना, तेल चांगलंय," आणि चकलीची भाजणी काढायला बसली. पण आभाराचं पत्र तर धाडायला हवं! मायना लिहिण्याचे मार्क शाळेत मी कधी सोडले नाहीत, पण तीर्थरूप आणि चिरंजीव यांच्यामधली ही जागा आमच्या पुस्तकात नव्हती. बाईंना 'सामा' हे नक्की. त्यांच्या नवऱ्याला काय? मी साहेब, म्हणजे 'कुन' म्हणायला हवं. वरचा माणूस खालच्याला लावतो ते. संसदेत सभापती पंतप्रधानांनाही पुकारताना कुन म्हणतात. तकाको दोई १९९३ साली सभापती झाल्या, पहिल्या महिला, त्यांनी तेवढं सान केलं होतं. त्यांच्या आधारावर मीही सान लिहिलं. मग अंगावर काटा आला म्हणून खोडून सामा केलं. मसुदा घेऊन बुचोंकडे गेलो.

इथे एक सांगायचं राहिलं. जपानात उत्तरासाठी छापील पाकीट येतं त्यावर पाठवणाऱ्यानं स्वतःच्या नावाखाली नम्रपणे नुसतं 'युकि' छापलेलं असतं, म्हणजे 'कडे'. ते तसंच टाकायचं नाही. दोन रेघा मारून खोडायचं आणि माणूस असेल तर सामा, कंपनी असेल तर 'ओन्चू' लिहायचं. मी पहिल्यांदा व्हाइटनर लावून स्वच्छ करून दिलं होतं, तर सेन्पाई हळहळली. खोडलेलं दिसायला हवं. तुम्ही स्वतःला खाली ठेवलंत आणि मी तुम्हाला वर उचललं, हे दोन्ही एका पाकिटावर.

बुचोंनी माझं पत्र वाचलं. खिशातून लाल पेन काढलं, पट्टी मागून घेतली. 'तानाका-सामा' मधल्या सामावर दोन सरळ रेघा मारल्या आणि बाजूला, नीट वाचता येईल असं, 'कुन' लिहून कागद दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.