हरल्यावर ज्यांच्या घरी जाता येतं

काल रात्री साडेबारा वाजून गेले होते. लुकास ऑइल स्टेडियममधून हजारो माणसं बाहेर पडत होती, बहुतेकांच्या अंगात काळे-सोनेरी स्वेटशर्ट, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पार्किंगपर्यंत नुसता बुटांचा आवाज. माझ्या पुढे एक बाप चालला होता. खांद्यावर पाच-सहा वर्षांचं पोर झोपलेलं, गालावर काळ्या रंगाने काढलेला ‘पी’ बापाच्या कॉलरला पुसला गेलेला. गाडीत बसवतानाही त्याने पोराला उठवलं नाही.

ह्यूस्टन 62, पर्ड्यू 60.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दर मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांची बास्केटबॉलची मोठी स्पर्धा असते. 68 संघ, हरलात की घरी. पर्ड्यू हे माझं विद्यापीठ, इंडियानातल्या वेस्ट लफायेटचं. काल आमची शेवटच्या सोळांतली मॅच होती, आणि तीही इंडियानापोलिसला, म्हणजे कॅम्पसपासून गाडीने जेमतेम तासाभरावर. ह्यूस्टनला पहिलं मानांकन, आम्हाला चौथं. मागे पडलेली आमची पोरं झुंजत झुंजत 60-60 वर आली, तेव्हा शेवटचं मिनिट चालू होतं. मग रिंगमागच्या रेषेवरून ह्यूस्टनच्या मिलोस उझानने बॉल आत टाकला, जोसेफ टगलरने तो लगेच त्यालाच परत दिला, आणि उझान रिंगपाशी एकटा. अडवायला कुणी नाही. घड्याळात 0.9 सेकंद उरले होते.

सकाळपासून तीन जणांचे मेसेज आले. तिघांचंही म्हणणं एकच: ‘अगं, गेम आहे तो. सोड ना.’ तिघंही माझ्या प्रेमाची माणसं आहेत, म्हणून हे इतकं लांब लिहायला बसले. माझं म्हणणं एवढंच, की हे वाक्य कुणालाही म्हणू नका. त्या वाक्याने समोरच्याचं दुःख कमी होत नाही, फक्त तो तुमच्यापाशी बोलायचा थांबतो.

कॉलेजच्या संघाचं वेगळं असतं, ते आधी समजून घ्या. आपण क्रिकेट बघत मोठे झालो. भारत हरला तर पुढच्या महिन्यात दुसरी मालिका असते, बहुतेक तीच माणसं, तोच निळा रंग. कॉलेजचा संघ मात्र एका हिवाळ्यापुरता असतो. शेवटच्या वर्षाची मुलं तो शर्ट उतरवतात ती पुन्हा कधीच घालत नाहीत. कुणी व्यावसायिक खेळायला जातो, कुणी दुसऱ्या कॉलेजात, आणि बरेचसे साध्या नोकरीला लागतात. नोव्हेंबरपासून ज्या दहा-बारा पोरांना तुम्ही रोज बघितलंत, ती पुन्हा एकत्र उभी राहणार नसतात. शेवटचा भोंगा वाजतो तेव्हा मॅचबरोबर तो संघही संपतो. रडू त्याचं येतं.

मी ऑगस्ट 2018 मध्ये मिरजेहून वेस्ट लफायेटला आले तेव्हा मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. लॅबमधली एक मैत्रीण ओढून मॅकी अरीनात, आमच्या संघाच्या घरच्या मैदानावर, घेऊन गेली. चौदा हजारांहून जास्त माणसं मावतात तिथे, पण घुमटाखाली आवाज असा कोंडतो की छातीत ढोल वाजल्यासारखं होतं. गणपतीच्या मिरवणुकीनंतर तसं मला पहिल्यांदा तिथेच वाटलं. त्याच मोसमात, 30 मार्च 2019 ला, लुइव्हिलला व्हर्जिनियाविरुद्ध मॅच होती. जिंकलो असतो तर अंतिम चारमध्ये, जिथे पर्ड्यू 1980 नंतर पोहोचलंच नव्हतं. आमच्या कार्सन एडवर्ड्सने एकट्याने 42 गुण केले. शेवटच्या सहा सेकंदांत आम्ही दोन गुणांनी पुढे. त्यांच्या पोराची फ्री थ्रो चुकली, बॉल उडून पार मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात गेला. किही क्लार्क नावाचं त्यांचं सगळ्यात बुटकं पोरगं त्याच्यामागे धावलं, तिथून लांबलचक पास, आणि ममादी डियाकिटेने भोंग्याबरोबर बास्केट केली. जादा वेळेत आम्ही 75-80 हरलो.

त्याच व्हर्जिनियाने एक वर्ष आधी, 2018 मध्ये, पहिलं मानांकन असताना सोळाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मानांकनाच्या, मेरीलँडच्या यूएमबीसी विद्यापीठाकडून वीस गुणांनी मार खाल्ला होता. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. वर्षभर अख्खा देश त्यांना हसला, आणि आम्हाला हरवून पुढे तेच 2019 चे विजेते झाले. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. त्यांच्या माणसांनी ते वर्ष कसं काढलं असेल, ते मला चार वर्षांनी कळलं.

17 मार्च 2023. आता पहिलं मानांकन आमचं होतं. आमच्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. समोर न्यू जर्सीचं फेअरली डिकिन्सन, सोळावं मानांकन, देशातल्या सगळ्यात बुटक्या संघांपैकी एक. ते त्यांच्या लीगची फायनलसुद्धा हरले होते. जिंकलेल्या संघाला नियमामुळे या स्पर्धेत खेळता येत नव्हतं, म्हणून यांना जागा मिळाली. ती मॅच मी आमच्या शेजाऱ्यांकडे बघितली. मी त्यांना मनात काका म्हणते, तोंडावर नावाने हाक मारते, कारण इथली रीत तशी. काका मशीन शॉपमधून निवृत्त झालेले. पर्ड्यूत एक दिवस शिकलेले नाहीत, पण त्यांचे वडील रेडिओवर मॅच ऐकायचे. 1969 ची फायनल लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडून हरलो तेव्हा काका शाळेत होते. समोरचा कोच जॉन वूडन हा पर्ड्यूचाच जुना खेळाडू होता, हे सांगताना अजून त्यांचा आवाज बदलतो. 2010 मध्ये ऐन मोसमात आमच्या रॉबी हमलचा गुडघा गेला, त्याबद्दल तर ते बोलतच नाहीत. हातानेच स्वतःच्या गुडघ्याला शिवतात आणि गप्प होतात.

त्या रात्री आमच्या पोरांनी तीन गुणांचे 26 प्रयत्न केले, पाच पडले. 58-63. काकांनी टीव्ही बंद केला. शिवी नाही, आदळआपट नाही. रिमोट टेबलावर ठेवला आणि त्यावर डोक्यावरची टोपी काढून ठेवली, झाकल्यासारखी. मग गॅरेजमध्ये निघून गेले. काकूंनी राजमा घातलेल्या खिम्याचे वाडगे भरून ठेवले होते, कुणी हात लावला नाही. मी उठून निघाले तर काकू म्हणाल्या, “बस ना.” मग आम्ही दोघी बंद टीव्हीसमोर अर्धा तास बसून राहिलो.

मिरजेत आजी म्हणायची, लग्नाला बोलावणं लागतं, मयताला लागत नाही. इथे पाच वर्षं मी प्रत्येक थँक्सगिव्हिंगला पाहुणी होते. त्या रात्री त्या सोफ्यावर मी पाहुणी नव्हते. काकूंनी थांबवून घेतलं ते काही माझं आदरातिथ्य करायला नाही.

माझे बाबा तेव्हा फोनवर हसले होते. “अगं, खेळच तो. एवढं काय?” मग आला 19 नोव्हेंबर. अहमदाबाद. लागोपाठ दहा मॅच जिंकून भारत फायनलला आणि ट्रॅव्हिस हेडचे 137. इथे सकाळचे अकरा वाजत होते, मी फोन लावला. आई म्हणाली, जेवले नाहीत, गच्चीवर आहेत. फोन गच्चीवर गेला. बाबा काही बोलेनात. मीही बोलले नाही. मिरजेच्या गच्चीवरचा वारा ऐकू येत होता, लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. खूप वेळाने म्हणाले, “तुझ्या त्या लोकांचं मार्चमध्ये असंच झालं होतं, नाही का गं?” आठ महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे सुतकाचा निरोप पोचवला. मला तो पुरला.

आता एक गोष्ट रागाने लिहिते. दुःख आणि पैसे बुडाल्याचा संताप यात गल्लत करू नका. इंडियानात 2019 पासून खेळांवर पैसे लावणं कायदेशीर आहे, मोबाइलवर बसल्या जागी. कोण किती गुण करेल, कोण किती रिबाउंड (रिंगवरून उडालेला बॉल पकडणं) घेईल, यावरसुद्धा पैसा लागतो. आणि मॅच संपली की एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या इन्स्टाग्रामवर घाण पडते. नॉर्थ कॅरोलायनाच्या अरमांडो बेकॉटने 2024 मध्ये सांगितलं, की संघ जिंकला तरी त्याला शंभराहून जास्त मेसेज आले, कारण त्याचे रिबाउंड कुणाच्या तरी पैजेपेक्षा कमी पडले. त्याच मार्चमध्ये कॉलेज खेळांच्या संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी एकेका खेळाडूवरच्या पैजा सगळीकडे बंद करा म्हणून सांगितलं. माझ्या मते त्या कधीच बंद व्हायला हव्या होत्या. पण पैज न लावणारेही हेच करतात. 2023 च्या त्या रात्री घरी येऊन मीसुद्धा एका मुलाच्या फोटोखाली चार ओळी लिहिल्या होत्या. पाठवल्या नाहीत, पण लिहिल्या होत्या. टोपीने रिमोट झाकणारा माणूस तासाभरापूर्वी बघून आलेली मी! काकांनी 1969 पासून पाहिलेल्या पराभवांत एकाही पोराचं नाव घेऊन वाईट बोललेलं मी ऐकलेलं नाही. कोचवर बोलतात, भरपूर बोलतात. मॅट पेंटरने उशिरा टाइमआउट घेतला तर शेजारच्या घरात ऐकू येतं. ते चालतं. पेंटर मोठा माणूस आहे, पगार घेतो, आणि 2023 नंतर त्याने सगळं निमूट स्वतःवर घेतलं.

पुढच्या वर्षी काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत असेल. ईडी व्यावसायिक खेळायला जाऊ शकत होता, गेला नाही, परत आला. 31 मार्च 2024 ला डेट्रॉइटमध्ये टेनेसीविरुद्ध त्याने 40 गुण केले आणि 44 वर्षांनी पर्ड्यू अंतिम चारमध्ये. जीन कीडी, पेंटरच्या आधी पंचवीस वर्षं ज्यांनी हा संघ सांभाळला आणि ज्यांना तिथवर कधी जाता आलं नाही, ते म्हातारे गृहस्थ तिथे हजर होते. जिंकल्यावर शिडी लावून रिंगची जाळी कापतात, ती कापताना बघून काका लहान मुलासारखे रडले.

आणि मग 8 एप्रिल. तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. सोमवती अमावास्या. दुपारी तीननंतर इंडियानापोलिसवर खग्रास सूर्यग्रहण लागलं. आम्ही अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो, तीन मिनिटांहून जास्त वेळ भरदुपारी अंधार, पाखरं गप्प, रस्त्यावरचे दिवे लागलेले. आईने फोनवर बजावलं होतं, ग्रहणात बाहेर बसू नका. रात्री ॲरिझोनात फायनल. ईडीचे 37 गुण, आणि तरी कनेटिकटकडून 60-75. मध्यरात्र होत आली होती. काका उठले, टोपी घातली, “चांगली पोरं होती,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. सकाळी मी रडवेल्या चेहऱ्याने गुढी बांधायला घेतली तर काठीच मोडलेली. काका कुंपणापाशी उभे होते. काही न विचारता गॅरेजमध्ये गेले आणि त्यांच्या झेंड्याची जुनी ॲल्युमिनियमची काठी घेऊन आले. त्यांच्या पोर्चवर पर्ड्यूचा झेंडा होताच, हरल्यावर ते तो उतरवत नाहीत. मी हिरवं खणाचं कापड बांधलं, इंडियन ग्रोसरीतून आणलेला कडुलिंब, साखरेची गाठी, वर तांब्या. त्यांनी विचारलं, हे कशाचं? मी म्हटलं, विजयाचं, कुणीतरी जिंकून घरी आलं की असं उभं करतात. त्यांनी बराच वेळ वर बघितलं.

“कोण जिंकलं?”

मला उत्तर देता आलं नाही. काकू गाठीतलं एक बत्तासं तोडून खात होत्या, त्यांनीही काही म्हटलं नाही.

काल खुब्याच्या ऑपरेशनमुळे काका स्टेडियमला येऊ शकले नाहीत. तिकिटं त्यांनीच आम्हाला दिली. एक वाजून गेला होता, त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा चालू दिसला. मी दार वाजवलं नाही, कडी उघडीच होती. ते वॉकर समोर घेऊन खुर्चीत बसलेले, टीव्ही बंद, रिमोटवर टोपी. मी कोट न काढता समोर बसले. वीसेक मिनिटं झाली असतील. मग म्हणाले, “रविवारी तुझा तो सण आहे ना? काठी गॅरेजमध्ये डाव्या बाजूला आहे, मला आता काढता येणार नाही, तूच काढ.”

आत्ता काढून आणलीये. वर्षभराची धूळ आहे, पुसायला घेते.