रद्दीत न जाणारं पुस्तक

आमच्या घरात पुस्तकांसाठी एक कायदा आहे. एक पुस्तक आत आलं की एक बाहेर जाणार. कायदा बायकोनं केला आणि अंमलबजावणीही तीच करते, ती दारातच. अप्पा बळवंत चौकातून मी घरी आलो की आधी पिशवी तपासली जाते. एकदा एक आत्मचरित्र मेथीच्या जुडीखाली दडवून आणलं होतं. मेथी निवडायला मलाच बसवलं गेलं आणि त्या आत्मचरित्राच्या मलपृष्ठावरची माती अजून गेलेली नाही.

तिचंही चुकत नाही म्हणा. सदाशिव पेठेतली साडेपाचशे चौरस फुटांची जागा. दिवाणाच्या पोटात दिवाळी अंक, पलंगाखाली ऐतिहासिक कादंबऱ्या आणि स्वयंपाकघरात साबुदाण्याच्या डब्यामागे समीक्षा. समीक्षेला तिथं कुणी हात लावत नाही, साबुदाण्याला तरी चतुर्थीला लावतात.

म्हणून अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाला लेकीनं बंगळूरहून ई-रीडर पाठवला. "बाबा, ह्यात हजारो पुस्तकं मावतात. आई काही म्हणायची नाही." आईनं ते यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं, मागं काही चिकटवून आणलंय का ते बघितलं आणि मंजुरी दिली.

मी हरखलो. मनातल्या मनात हिशोब मांडला. कागद नाही, शाई नाही, बांधणी नाही, टेम्पो नाही, गोडाऊन नाही, दुकानाचं भाडं नाही आणि "ते संपलंय, पुढच्या आठवड्यात चक्कर मारा" असं वर न बघता सांगणारा माणूस नाही. एवढं सगळं वजा केलं तर पाचशेची कादंबरी सव्वाशेला पडायला हवी. गेलं वर्षभर जिच्यावर डोळा ठेवला होता ती सहाशे पानी कादंबरी शोधली. छापील किंमत 500. ई-आवृत्ती 475. खाली हिरव्या अक्षरांत 'तुमची बचत 25 रुपये'.

चौकातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात हीच कादंबरी 20 टक्के सुटीनं 400 ला मिळते. वर कागदी पिशवी. म्हणजे ज्या पुस्तकाला पानं आहेत, वास आहे, जे उशाशी घेऊन झोपता येतं आणि वेळ पडली तर डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सारता येतं, ते 400 ला. आणि जे कुठंच नाही ते 475 ला.

आता यावर कुणीही शहाणा माणूस कागदी प्रत घेईल. पण त्या शहाण्या माणसाला दारात पिशवी उघडून दाखवावी लागत नसणार. ते वरचे 75 रुपये मी कादंबरीसाठी मोजले नाहीत, संसारासाठी मोजले.

पावती आली तीत आणखी एक ओळ होती. छापील पुस्तकावर आपल्याकडे जीएसटी शून्य. ई-पुस्तकावर 5 टक्के, म्हणजे माझ्या 475 मधले 22 रुपये 62 पैसे सरकारचे. तक्रार करू नये, कारण 2018 च्या जुलैपर्यंत हाच कर 18 टक्के होता. तो पाचावर आणला, पण अट अशी की त्या पुस्तकाची छापील आवृत्ती असली पाहिजे. म्हणजे ई-पुस्तकाला सवलत हवी असेल तर त्याने आधी आपला कागदी जन्मदाखला आणायचा.

दोन दिवस हे पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना म्हणून थेट प्रकाशकाकडेच गेलो. बुधवार पेठेतल्या एका बोळात, जिन्यापासूनच पुस्तकांचे गठ्ठे सुरू होतात, अशी ती कचेरी. गठ्ठ्यांच्या मधून एक माणूस जाईल एवढी वाट, आणि वाटेच्या शेवटी प्रकाशक. मी म्हटलं, "साहेब, कागद वाचला ना तुमचा? मग तो माझ्या खिशात का नाही दिसत?"

त्यांनी आधी चहा सांगितला. हा प्रश्न त्यांना दिवसातून एकदा येत असावा, कारण उत्तर पाठ होतं. "कागद-छपाई म्हणजे पुस्तक नव्हे हो. पाचशेच्या पुस्तकातला मोठा वाटा विक्रेत्याच्या कमिशनचा. ते इथंही कापून घेतातच, फक्त दुकानाऐवजी वेबसाइट घेते. लेखकाचं मानधन आहे. मुखपृष्ठवाला आहे. मुद्रितशोधक आहे. त्यातला कोण कमी झाला सांगा."

"बाईंडर कमी झाला."

"आणि ऑपरेटर वाढला! आमची जुनी पुस्तकं सगळी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात, पेजमेकर सॉफ्टवेअरवर केलेली. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांत आणायची तर अक्षरं इकडची तिकडं उडतात. परत बसून एकेक ओळ तपासायची. फुकट होतं का ते?"

नाही होत. मला पटलं. खरं तर मी उठायच्याच बेतात होतो. पण निरोप घेताना त्यांनी जिन्यातल्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवलं आणि एकदम खाली आवाजात म्हणाले, "हजाराची आवृत्ती आहे. सहाशे इथंच उभ्या आहेत. तुम्हाला ती कादंबरी मोबाइलवर सव्वाशेत दिली, तर ह्या मी कुणाच्या गळ्यात बांधू?"

चहाबरोबर मिळालेली ही एकच गोष्ट खरी होती. बाकी कमिशन, मानधन, मुखपृष्ठ सगळं रास्त आहे, पण ई-पुस्तकाची किंमत ते काढायला काय लागलं त्यावरून ठरत नाही, गोडाऊनमध्ये काय अडकलंय त्यावरून ठरते. त्या सहाशे प्रतींचं भाडं मी भरतो आहे, आणि तेही त्यातली एक प्रत घरी न नेता.

हे काही पुण्याचंच खूळ नाही. अमेरिकेत तर यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. 2007 मध्ये अ‍ॅमेझॉननं किंडल हा आपला ई-रीडर काढला तेव्हा नवी गाजणारी पुस्तकं 9.99 डॉलरला लावली. प्रकाशकांच्या पोटात गोळा आला, कारण त्यांची जाड पुठ्ठ्याची प्रत या भावाच्या दुपटीहून जास्त किमतीला असे. 2010 मध्ये अ‍ॅपलचा आयपॅड आला आणि पाच मोठ्या प्रकाशकांनी त्यांच्याशी नवा व्यवहार केला. भाव प्रकाशक ठरवणार, दुकानानं फक्त 30 टक्के घ्यायचे. याला तिकडे 'एजन्सी मॉडेल' असं भारदस्त नाव आहे. आपल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात याला आडत म्हणतात आणि त्यासाठी कुणी कोट घालत नाही. भाव 12.99 नि 14.99 वर गेले, 2012 मध्ये सरकारनं खटला भरला, प्रकाशकांनी तडजोड केली, अ‍ॅपल भांडत राहिलं आणि हरल्यावर 45 कोटी डॉलरचा समझोता त्यांना पाळावा लागला. माझे 75 रुपये मात्र या निकालाच्या कक्षेत येत नाहीत.

असो. रात्री जेवण झाल्यावर मोठ्या उत्साहानं कादंबरी उघडली. पहिलंच वाक्य: 'पूवर् क्षितिजावर सूयर् उगवत होता.' म्हटलं, छपाईची चूक असेल. मग आठवलं, छपाई नाहीच आहे. चौथ्या पानावर एक सरदार 'गजर्ला'. त्यापुढं रफार जो घसरला तो सावरलाच नाही. धमर्, कजर्, स्वगर्, अगदी 'मदर्' सुद्धा. ही मराठी कुणा तुर्काच्या तोंडी असती तरी एक वेळ चाललं असतं. बहुधा एकेक ओळ तपासायला बसलेला माणूस पहिल्या ओळीच्या आधीच उठून गेला होता. मी दर पानाला मनात रफार उचलून एक घर मागं ठेवत वाचू लागलो. तीनशे पानांनंतर त्याची इतकी सवय झाली की सकाळी वर्तमानपत्रातला 'मार्ग' हा शब्द मला अशुद्ध वाटला.

तरीही कादंबरी चांगली होती. आणि चांगली कादंबरी वाचताना पुण्यातल्या माणसाला गप्प बसता येत नाही. तळमजल्यावरच्या अण्णांना जिन्यात गाठून मी तिची तारीफ केली. इथंच चुकलो.

"झाली की द्या मला," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ती देता येत नाही."

"का? बाकीची देता की." अण्णांनी नेलेली माझी पाच पुस्तकं माझ्या उसनवारीच्या वहीत आहेत. सगळ्यात जुनी नोंद 1998 ची.

मी समजावून सांगितलं. ते पुस्तक माझं नाही, मला फक्त ते वाचायचा परवाना आहे. ते उसनं देता येत नाही, जुन्या पुस्तकवाल्याला निम्म्या किमतीत विकता येत नाही, रद्दीत घालता येत नाही. मी मेल्यावर पोरीला वारसा म्हणून त्याची कायदेशीर कटकट तेवढी मिळेल. 2009 मध्ये तर अ‍ॅमेझॉननं, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली होती. पैसे परत केले आणि नंतर माफीही मागितली, पण आपला रद्दीवाला निदान खालून हाक तरी मारतो.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं. लक्ष्मी रस्त्यावरच्या नगर वाचन मंदिराचे ते जुने सभासद. 1848 सालची ती संस्था. तिथं एकच प्रत शंभर हातांतून फिरते, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

"म्हणजे चारशे पंच्याहत्तर रुपये देऊन तुम्ही वाचनालयाचं पुस्तक घेतलंत," ते म्हणाले, "आणि ते सुद्धा दुसऱ्याला न देण्याच्या अटीवर."

यावर मला उत्तर सुचलं नाही. पण अण्णांना सुचलं. "मग असं करा. पुस्तक देता येत नाही ना? यंत्रच द्या."

चारशे पंच्याहत्तरचं पुस्तक उसनं देण्यासाठी मी दहा हजारांचं यंत्र उसनं दिलं. चार्जरसकट. वहीत नोंद केली. माझी शेवटची पन्नास पानं राहिली होती, पण म्हटलं, म्हातारा माणूस, चार दिवसांत देतील.

नवव्या दिवशी बँकेचा मेसेज आला. खात्यातून 599 रुपये गेले. एका जाड आरोग्यविषयक ग्रंथाचे, मधुमेहावरचा. मी एकदम चार पायऱ्या उतरत खाली गेलो.

"हो, ते मीच," अण्णा चष्मा वर करत म्हणाले. "मी नुसतं चित्र बघायला बोट लावलं. त्यानं विचारलं पण नाही. पासवर्ड नाही, 'खात्री आहे का' नाही. दुकानात माणूस निदान पिशवी पुढं करतो, तेव्हा कळतं की आपण घेतलंय."

"अण्णा, सहाशे रुपये झाले."

"कशाचे?"

"पुस्तकाचे. तुम्ही घेतलेल्या."

अण्णांनी यंत्र बंद केलं, आपल्या सोफ्याकडे, टीपॉयकडे, कपाटाकडे एकदा नीट नजर फिरवली आणि दोन्ही हात रिकामे करून माझ्यापुढं धरले.

"कुठाय माझ्याकडे पुस्तक? तुमच्या यंत्रात आहे. तुमच्या नावावर आहे. तुम्हीच म्हणालात ना, ते कुणाला देता येत नाही?"

मी वर आलो. बायको दारातच उभी होती. सवयीनं तिनं हातांकडे पाहिलं. हात मोकळे होते, यंत्रसुद्धा नव्हतं.

"एक बाहेर गेलेलं दिसतंय," ती म्हणाली. "आता एक आणा हवं तर."

दुसऱ्या दिवशी चौकात जाऊन 400 ला कागदी प्रत आणली. पावती पिशवीतच ठेवली, लपवायचं काही नव्हतं. राहिलेली पन्नास पानं त्याच रात्री काढली. 'पूर्व', 'सूर्य', 'गर्जला', सगळे रफार जागच्या जागी होते. वाचताना सारखं अडखळायला होत होतं.