ट्रेल हवाच, पण ट्रामही हवी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अटलांटाच्या बेल्टलाइन या प्रकल्पावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. उत्तर लांबलं म्हणून ते वेगळं टाकते आहे.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. बेल्टलाइन म्हणून शहराभोवतीच्या जुन्या रेल्वेमार्गावर झालेला ट्रेल, म्हणजे चालण्या-सायकलींचा रस्ता, आणि बागा हेच खरं यश, तिथे आता ट्राम घुसवून विचका करू नये. डाउनटाउनमधली ट्राम रिकामी धावते, तसाच आणखी एक पांढरा हत्ती कशाला पोसायचा? मुंबईने तर 1964 मध्येच ट्राम मोडीत काढली. ट्रेलशेजारची घरं महागली हे तुम्हाला प्रगतीचं लक्षण वाटतं, त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. शिवाय, शनिवारी ट्रेललगतच्या पॉन्स सिटी मार्केट या बाजारसंकुलाला पार्किंग मिळायला फार वेळ लागतो, अशी तक्रारही तुम्ही केली आहे.

ट्रेल सुंदर आहे याबद्दल आपलं दुमत नाहीच. पण ही मोकळी पट्टी शहराच्या हाती कशी लागली, ते आधी बघू. अटलांटा हे रेल्वेच्या पोटी जन्मलेलं गाव. त्याचं पहिलं नावच टर्मिनस. यादवी युद्धानंतर मधल्या भागात गाड्यांची इतकी दाटी व्हायला लागली, की मालगाड्या बाहेरून वळवण्यासाठी वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांनी शहराभोवती फाटे टाकले. त्यांच्या कडेला कारखाने आणि गोदामं उभी राहिली. पुढे माल ट्रकवर गेला आणि रुळांवर झुडपं माजली. 1999 मध्ये जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या रायन ग्रॅव्हल या विद्यार्थ्याने, जो मधे वर्षभर पॅरिसमध्ये राहून आला होता, हे चार फाटे जोडून 22 मैलांचं कडं करायची कल्पना आपल्या प्रबंधात मांडली. त्या प्रबंधाच्या केंद्रस्थानी ट्राम होती. 2001 मध्ये त्याने आणि दोन सहकाऱ्यांनी पत्रं पाठवायला सुरुवात केली, नगरपरिषदेतल्या कॅथी वूलार्ड यांनी ती कल्पना उचलून धरली, आणि मग गल्लोगल्ली बैठका झाल्या. सलग ट्रेल आणि बागा या बेतात नंतर येऊन मिळाल्या, आणि त्याने बेत चांगलाच झाला. पण 45 वस्त्यांमधली माणसं ज्या गोष्टीसाठी एकत्र आली तिच्यात ट्राम पहिल्या दिवसापासून होती. तेव्हा ट्राम आता घुसवली जाते आहे, हे म्हणणं मला मान्य नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुढच्या खेपेला कड्याच्या पूर्वेकडच्या ईस्टसाइड ट्रेलवर थोडं थांबून नजर टाका. 14 फुटांचा काँक्रीटचा रस्ता मार्गाच्या मधोमध नाही, एका अंगाला सरकवलेला आहे. शेजारी गवताची रुंद पट्टी आहे, जिथे लोक चटया टाकून बसतात. ती जागा मुद्दाम सोडली आहे, दोन रूळ बसावेत म्हणून. मार्गही मूळचाच असा आहे, की पॉन्स दे लिऑन अव्हेन्यू आणि नॉर्थ अव्हेन्यू तो पुलांवरून ओलांडतो आणि फ्रीडम पार्कवेच्या खालून जातो. मालगाड्यांसाठी बांधलेल्या या वाटेवर सिग्नल जवळजवळ नाहीत. भर शहरात अशी सलग वाट आज विकत घ्यायची म्हटलं तर कुठल्याही महापालिकेचं दिवाळं निघेल.

तुमचा डाउनटाउनच्या ट्रामचा मुद्दा इथेच येतो. 2014 च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली ती ट्राम जेमतेम 2.7 मैलांचा फेरा मारते, तेही गाड्यांच्याच लेनमधून. पुढे कुणी डबल पार्किंग केलं की ती अडकली. तिच्यापेक्षा पायी लवकर पोचता येतं, मग लोक कशाला बसतील? तिच्यात कमी पडली ती स्वतःची वाट, आणि बेल्टलाइनकडे नेमकी तीच आहे.

मुंबईच्या ट्रामबद्दल. बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली हे बरोबर. पण ट्राम गेली तेव्हा मुंबईकडे लोकल होती आणि बेस्टच्या बसेस होत्या. अटलांटाने आपल्या ट्राम 1949 मध्ये बंद केल्या, आणि मार्टा या इथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेची पहिली रेल्वे धावली ती 1979 मध्ये. मधली तीस वर्षं हे शहर पसरत गेलं ते मोटारीच्या भरवशावर. तुमची पार्किंगची तक्रार मी मनावर घेते ती यासाठीच. ट्रेलवर फिरायला जाणाऱ्यांना गाडी काढावी लागते, कारण कड्यापर्यंत आणि कड्यावरून पुढे नेणारं दुसरं काही सोयीचं नाही. अल्फारेटा, कमिंग, जॉन्स क्रीक अशा उपनगरांत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना याचा त्रास शनिवारी होतो. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांना तो रोज होतो.

लहान मुलं, कुत्री, सायकली यांच्या शेजारून ट्राम कशी जाणार, ही तुमची काळजी रास्त आहे. स्ट्रासबर्गमध्ये 1994 पासून ट्राम पादचाऱ्यांच्या चौकातून जाते आणि बऱ्याच ठिकाणी रुळांमध्ये गवत आहे. वेग, कडेची उंची, ओलांडायच्या जागा नीट आखल्या तर हे जमतं. काही झाडं जातील, हे मात्र मी लपवणार नाही. त्या पट्टीत लावलेल्या झाडांशी लोकांचं नातं जुळलं आहे आणि ती तोडताना वाईट वाटणारच.

एकाच जागेकडून दोन कामं घेता येतात हे या प्रकल्पाने आधीच करून दाखवलं आहे. ईस्टसाइड ट्रेलजवळच्या ओल्ड फोर्थ वॉर्ड या वस्तीच्या सखल भागात पाऊस पडला की पाणी तुंबायचं. जमिनीखाली मोठा बोगदा काढायचा विचार होता. वस्तीतल्या लोकांनीच सुचवलं, की पाणी जमिनीखाली कशाला घालवता, तळं करा. 2011 मध्ये तिथे 17 एकरांची बाग झाली. मधलं तळं पुराचं पाणी पोटात घेतं आणि एरवी त्याच्या काठावर मुलं खेळतात. बोगद्याच्या मानाने खर्चही लाखो डॉलरने कमी आला. पश्चिमेकडे बेलवुडची दगडाची खाण होती. तिच्यात शहराचा 240 कोटी गॅलनचा पाणीसाठा आणि भोवती 280 एकरांचं उद्यान आहे, 2021 मध्ये खुलं झालेलं. त्यामुळे ट्रेल आणि ट्राम एका पट्टीत मावणार नाहीत, असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही.

आता घरांच्या किमती. इथे मला तुमच्याशी जरा जोरात भांडायचं आहे.

बेल्टलाइनचा पैसा येतो कुठून? 2005 मध्ये कड्याभोवतीचा सुमारे 6,500 एकरांचा पट्टा 25 वर्षांसाठी ‘टॅक्स अ‍ॅलोकेशन डिस्ट्रिक्ट’ ठरवला गेला. त्या पट्ट्यात जमिनींच्या किमती वाढल्या की वाढीव प्रॉपर्टी टॅक्स प्रकल्पाला मिळतो. म्हणजे किमती वाढल्याशिवाय प्रकल्पाला पैसाच नाही. हे गणित मांडलं त्याच दिवशी भाडेकरूंचं काय होणार हेही दिसत होतं. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे डॅन इमरग्लक यांनी हिशोब केला, तेव्हा 2011 ते 2015 मध्ये कड्यापासून अर्ध्या मैलाच्या आतली घरं शहराच्या इतर भागांपेक्षा साधारण 18 ते 27 टक्के जास्त महागलेली दिसली. परवडणाऱ्या 5,600 घरांचं उद्दिष्ट 2030 पर्यंतचं, पण पहिली कित्येक वर्षं त्याची गती फारच संथ होती. 2016 मध्ये खुद्द ग्रॅव्हल यांनी याच मुद्द्यावर बेल्टलाइन पार्टनरशिप या प्रकल्पाला साथ देणाऱ्या संस्थेच्या मंडळाचा राजीनामा दिला. ज्याच्या डोक्यातून हे सगळं निघालं त्यालाच बाहेर पडावंसं वाटलं, तर त्याला प्रगती म्हणून टाळ्या कशा वाजवायच्या? जुन्या रहिवाशांचा वाढीव प्रॉपर्टी टॅक्स भरून देणारी योजना नंतर आली आणि ती चांगली आहे, पण ती घरमालकांसाठी आहे. भाड्याने राहणाऱ्याच्या हाती तिच्यातून काही पडत नाही.

आमच्या ऑफिसात सफाईला येणाऱ्या बाई आधी कड्यालगतच्या वेस्ट एंड या वस्तीत भाड्याने राहायच्या. मालकाने घर विकलं आणि त्या शहराबाहेर दक्षिणेला, क्लेटन काउंटीत गेल्या. आता सकाळी सातला कामावर हजर व्हायचं तर त्या अंधारात घर सोडतात. बस, मग रेल्वे, मग पुन्हा बस. ज्या ट्रेलमुळे त्यांची वस्ती महागली त्याचा त्यांना आज काडीचा उपयोग नाही. कड्यावर ट्राम असती आणि ती मार्टाच्या रेल्वेला जोडलेली असती, तर त्यांची शेवटची बस तरी वाचली असती. ट्रामने त्यांचं घर परत मिळणार नाही हे मला कळतं. पण इतकं सोसलेल्या माणसाला निदान कामावर पोचायची सोय मिळावी, एवढी मागणी जास्त आहे का?

खर्चाबद्दल एवढंच, की 2016 मध्ये शहरातल्या 71 टक्के मतदारांनी सार्वजनिक वाहतुकीसाठी डॉलरमागे अर्धा सेंट जादा विक्रीकर स्वतःहून मान्य केला, आणि तेव्हा त्यांच्यापुढे ठेवलेल्या कामांत बेल्टलाइनची ट्राम होती. तो कर तेव्हापासून वसूल होतो आहे.

2025 च्या मार्चमध्ये महापौर आंद्रे डिकन्स यांनी ईस्टसाइडची ट्राम बाजूला ठेवून दक्षिणेकडून सुरुवात करायचं ठरवलं, ते तुम्हाला तुमच्या बाजूचं वाटलं असावं. मला त्यातलं अर्धं पटतं. दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या वस्त्यांना आजवर सगळं शेवटी मिळालं, तेव्हा रूळ आधी तिथे पडले तर मला आनंदच आहे. पण ईस्टसाइडची आखणी वर्षानुवर्षं खपून तयार केलेली आहे. ती नुसती गुंडाळून ठेवली आणि दक्षिणेकडेही अभ्यासच होत राहिला, तर हातात काहीच राहणार नाही. म्हणून मी दोन्हीकडच्या बैठकांना जाते आणि तुम्हीही यावं असं मला मनापासून वाटतं. विरोध करायचा असेल तरी या. तुमचा सुरक्षिततेचा मुद्दा आखणी करणाऱ्यांच्या कानावर पडायलाच हवा.

आणि एक विनंती. पुढच्या शनिवारी पॉन्सच्या पार्किंगच्या नादी लागू नका. नॉर्थ स्प्रिंग्स स्टेशनला गाडी ठेवा, मार्टाची रेड लाइन पकडून वेस्ट एंडला उतरा, तिथून वेस्टसाइड ट्रेल चालत गाठता येतो. तिथली मोकळी सोडलेली पट्टी बघा, शेजारच्या गल्ल्यांमधून फिरा, आणि मग पुन्हा लिहा. येणार असाल तर आधी कळवा, मीही येते.